फ्री रॅडिकल मुद्दाम बनवणारं एन्झाइम आणि एक्स क्रोमोसोमवरचा त्याचा जीन

नागपुरात अंबाझरीकडे सकाळी फिरायला गेलं की रस्त्याच्या कडेला ज्यूसवाले उभेच राहतात. गव्हांकुर, आवळा, दुधी, कारलं, म्हणाल ते, आणि बोर्डावर एक ओळ ठरलेली, की यानं शरीरातले फ्री रॅडिकल निघून जातात. मेडिकल स्टोअरमध्येही तेच, फक्त डबा चकचकीत आणि किंमत कितीतरी जास्त. इतक्या वर्षांत हे इतक्यांदा कानावर पडलं की फ्री रॅडिकल म्हणजे वाईट, यावर आता कोणी प्रश्नही विचारत नाही. आवळ्याचा रस प्या हो, चांगलाच असतो, मीही पितो, पण ती ओळ मला खटकते, काऊन की आपल्या शरीरात एक अख्खं एन्झाइम असं आहे ज्याचं कामच फ्री रॅडिकल बनवणं आहे. चुकून नाही, दुसरं काही बनवताना सांडलेलं नाही, मुद्दाम. आणि ज्या पोरांमध्ये हे एन्झाइम जन्मापासून बंद असतं ती पोरं अशा जंतूंनी जीवावर बेततील इतकी आजारी पडतात, जे तुमच्या-माझ्या बाथरूममध्ये निवांत पडलेले असतात.

एन्झाइमचं नाव नॉक्स-२, आणि ते ज्या जीनवरून बनतं त्याचं नाव सीवायबीबी. मी लॅबमध्ये काम करणारा माणूस आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा सल्ला माझ्याकडे मागू नका, पण हे एन्झाइम नेमकं काय करते, ते बंद पडलं की काय होते आणि ते लॅबमध्ये कसं दिसते हे मात्र सांगू शकतो.

सीबीसीचा रिपोर्ट सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात न्यूट्रोफिल अशी एक ओळ राहते, मोठ्या माणसात साधारण ४० ते ७० टक्के. या पांढऱ्या पेशी आपली बोनमॅरो रोज १०० अब्जांच्या घरात बनवते, आणि त्या जास्त दिवस टिकतही नाहीत. बोटात काटा गेला, त्यासोबत जंतू आत गेले, की तिथे सगळ्यात आधी पोचणाऱ्या याच. जंतूला घेरतात, गिळतात, आणि पेशीच्या आत एका छोट्या पिशवीत बंद करतात. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते. पण गिळणं म्हणजे मारणं नव्हे ना, पिशवीत बंद केलेला जंतू जिवंतच असतो.

१९३३ मध्ये अमेरिकेत बाल्ड्रिज आणि जेरार्ड या दोघांनी कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींना बॅक्टेरिया खायला घालून पाहिलं, तर खाणं सुरू झाल्याबरोबर पेशींचा ऑक्सिजन घेण्याचा वेग एकदम वाढला. त्यांना वाटलं गिळायला ताकद लागत असेल, म्हणून जास्त श्वास. तर्क पटण्यासारखा होता म्हणा, पण खरं कारण वेगळं निघालं. १९५९ मध्ये सबारा आणि कार्नोव्हस्की यांनी दाखवलं की पेशीचा नेहमीचा श्वास सायनाइडसारख्या विषानं बंद पाडला तरी गिळणं थांबत नाही, त्याची ताकद दुसरीकडून येते. आणि हा जादा ऑक्सिजन सायनाइड टाकलं तरी वापरला जातच राहतो. म्हणजे पेशीचा नेहमीचा श्वास जिथे चालतो त्या मायटोकॉन्ड्रियात हा ऑक्सिजन जातच नव्हता. मग जात कुठे होता? १९७३ मध्ये बॅबिओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पांढऱ्या पेशी त्या ऑक्सिजनचं सुपरऑक्साइड बनवून राहिल्या होत्या. सुपरऑक्साइड म्हणजे ऑक्सिजनच्या रेणूवर एक जादा इलेक्ट्रॉन बसवलेला, तोच तो बोर्डावरचा फ्री रॅडिकल.

आता हा जादा इलेक्ट्रॉन बसवते कोण, तर नॉक्स-२. हे एन्झाइम त्या पिशवीच्या आवरणात आरपार रोवलेलं असतं, एक बाजू पेशीच्या आतल्या रसात, दुसरी पिशवीच्या पोकळीत. आतल्या बाजूला एनएडीपीएच नावाचा रेणू येऊन दोन इलेक्ट्रॉन देतो, ते एन्झाइममध्येच बसलेल्या एफएडी नावाच्या रेणूकडे जातात, तिथून आवरणाच्या आत बसवलेल्या दोन हीमकडे एकेक करून, आणि पलीकडे निघाले की ऑक्सिजनच्या हवाली. स्लॅब टाकताना मजूर शिडीवर उभे राहून घमेली हातोहात वर पोचवतात ना, तसंच, कोणी जागचं हलत नाही फक्त घमेलं जाते. एका एनएडीपीएचमागे दोन सुपरऑक्साइड. यातलं हीम म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये असते त्याच जातीचं, लोखंडवालं.

इथे एक गोष्ट मला फार आवडते. इलेक्ट्रॉन पेशीच्या रसातून पिशवीत जातो म्हणजे निगेटिव्ह चार्ज बाहेर जातो, पेशीच्या आत पॉझिटिव्ह साचत जाते, आणि असं होत राहिलं तर अगदी थोड्या वेळात विजेचा दाब इतका वाढेल की पुढचा इलेक्ट्रॉन बाहेर निघणारच नाही, कारभार ठप्प. म्हणून शेजारीच एचव्ही-१ नावाची प्रोटॉनसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे, इलेक्ट्रॉन गेला की मागून प्रोटॉन जातो, हिशोब बरोबर. इतकी व्यवस्था चुकून तयार होत नाही हो.

आणि हे एन्झाइम सारखं चालू असतं तर आपलं काही खरं नव्हतं. म्हणून ते सुटं सुटं ठेवलेलं असतं. आवरणात दोन तुकडे, एक मोठा, सीवायबीबीवरून बनणारा ५७० अमिनो आम्लांचा, ज्याला जुन्या पेपरांमध्ये जीपी-९१-फॉक्स म्हणतात, आणि एक छोटा पी-२२, जो त्याला सांभाळून धरतो, इतका की दोघांपैकी एक नसला तर दुसराही टिकत नाही. बाकीचे पी-४७, पी-६७, पी-४० हे पेशीच्या रसात वेगळेच फिरत असतात. पी-४७ तर स्वतःवरच दुमडून बसलेला असतो. जंतू गिळल्याचा निरोप आला की त्याच्यावर फॉस्फेट चढतात, तो उघडतो, बाकीच्यांना घेऊन आवरणाकडे जातो, रॅक नावाचं आणखी एक प्रोटीन येऊन मिळते, आणि मग मशीन सुरू. तोपर्यंत बंद. मोठ्या तुकड्यातले इलेक्ट्रॉनचे सगळे टप्पे तयार असूनही हे जमल्याशिवाय एकही इलेक्ट्रॉन पलीकडे जात नाही.

सुपरऑक्साइड स्वतः फार वेळ राहत नाही, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होते, जखमेवर ओततात आणि फेस येतो तेच. मग मायलोपेरॉक्सिडेज नावाचं दुसरं एन्झाइम ते पेरॉक्साइड आणि आपल्या शरीरातलं क्लोराइड घेऊन हायपोक्लोरस आम्ल बनवते, म्हणजे नळाच्या पाण्यात क्लोरीन टाकलं की जे तयार होते ते. मायलोपेरॉक्सिडेजचा रंग हिरवा असतो, आणि पू किंवा जुन्या सर्दीचा शेंबूड जो हिरवट दिसतो त्याचं मोठं कारण हेच.

मग जंतू मरतो तो या ब्लीचमुळेच का? बरीच वर्षं सगळे असंच मानत होते, पण गंमत अशी की काही लोकांमध्ये मायलोपेरॉक्सिडेज जन्मतःच नसते आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही, मजेत असतात. उलट सुपरऑक्साइडच बनत नसलं तर माणूस अंथरूण धरतो. म्हणजे पहिली पायरी जास्त महत्त्वाची. लंडनच्या अँथनी सेगल यांचं म्हणणं असं की इलेक्ट्रॉन आत आल्यानं पिशवीतलं वातावरण बदलते, पोटॅशियम आत ओढलं जाते, आणि त्यानं पेशीचे साठवलेले प्रोटीन कापणारे एन्झाइम जागे होतात, खरे मारणारे ते. आणखी एक बाजू अशी की न्यूट्रोफिल मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतो आणि बुरशीसारखे मोठे शत्रू त्यात अडकतात, त्यालाही बऱ्याचदा नॉक्स-२ लागते. माझ्या मते यातलं एकच खरं आणि बाकी खोटं असं काही नाही, वेगवेगळ्या जंतूंना वेगवेगळं लागू पडत असेल.

आता पोरांकडे येऊ. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या डॉक्टरांनी काही मुलांबद्दल लिहिलं, ज्यांना लहानपणापासून गाठी, गळवं, न्यूमोनिया, लिव्हरमध्ये पू, परत परत. त्या काळी ही पोरं वाचत नव्हती म्हणून आजाराच्या नावातच जीवघेणा असा शब्द होता. कोडं असं होतं की त्यांच्या रक्तात अँटिबॉडी कमी नव्हत्या, उलट जास्त होत्या, पांढऱ्या पेशीही भरपूर, त्या जंतू गिळतही होत्या. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, कळलं की गिळलेला जंतू आत मरत नाही आणि ऑक्सिजनचा तो जादा वापरही होत नाही. आज या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात, डॉक्टर लोक सीजीडी म्हणून मोकळे होतात.

यात सीबीसी नॉर्मल येऊ शकते, किंवा न्यूट्रोफिल वाढलेले दिसतात आणि जो तो म्हणतो इन्फेक्शन आहे. मोजणारं मशीन पेशी मोजते, त्या काम करून राहिल्या की नाही हे त्याला कुठून कळणार. त्यासाठी वेगळी टेस्ट लागते, आणि जुनी टेस्ट म्हणजे एनबीटी. यात एक फिकट पिवळा रंग असतो, नायट्रोब्ल्यू टेट्राझोलियम, तो ताज्या रक्तातल्या पेशींसोबत ठेवायचा आणि पेशींना चेतवायला पीएमए नावाचं केमिकल टाकायचं. थोड्या वेळानं स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली की निरोगी माणसाच्या जवळपास प्रत्येक न्यूट्रोफिलमध्ये काळपट निळ्या दाण्यांचे गठ्ठे दिसतात, काही पेशी तर शाईत बुडवल्यासारख्या, आतलं न्यूक्लियस शोधावं लागते. सुपरऑक्साइडनं त्या पिवळ्याचं निळं केलेलं असतं. आणि सीजीडीच्या पोराची स्लाइड धरली तर पेशी आहेत, आकार व्यवस्थित, न्यूक्लियसचे तीन-चार तुकडे छान दिसून राहिले, आणि निळं काहीच नाही. एक फील्ड, दुसरं फील्ड, सगळं स्वच्छ. लॅबमध्ये स्वच्छ स्लाइड पाहून पोटात गोळा यावा अशा फार थोड्या टेस्ट आहेत, त्यातली ही एक.

आता बहुतेक ठिकाणी फ्लो सायटोमीटरवर डीएचआर टेस्ट करतात, त्यात निळ्या दाण्यांऐवजी पेशी चमकतात आणि मशीन एकेक पेशी मोजून ग्राफ काढते. यातली खरी मजा आईच्या ग्राफमध्ये असते. पोराचा ग्राफ म्हणजे डावीकडे एकच टेकाड, कोणतीच पेशी चमकत नाही. बापाचा उजवीकडे एकच टेकाड, सगळ्या चमकतात. आणि आईचा ग्राफ उघडला की दोन टेकाडं, अर्ध्याच्या आसपास चमकणाऱ्या आणि उरलेल्या विझलेल्या. एकाच बाईच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशी! असं काऊन होते ते समजायला जीन कुठे बसला आहे ते पाहावं लागते.

आपल्या विदर्भात जीनचा आजार म्हटलं की सगळ्यांना सिकलसेल आठवतो. एएस (एकच खराब प्रत), एसएस (दोन्ही खराब) हे शब्द इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतात. सिकलसेलमध्ये आई-बाप दोघांकडून खराब प्रत यावी लागते, आणि पोरगा-पोरगी असा भेद नसतो. सीवायबीबीचं तसं नाही, तो एक्स क्रोमोसोमवर आहे, छोट्या भुजेवर. मुलाला एक्स एकच, तोही आईकडून आलेला, त्यामुळे त्यावरची प्रत बिघडली की बदली प्रत नाहीच. मुलींना दोन एक्स, पण प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भातच बंद होतो, कोणता ते चिठ्ठी टाकल्यागत. म्हणून आईच्या काही पेशी चांगल्या एक्सवर चालतात आणि काही बिघडलेल्या, आणि ग्राफमध्ये दोन टेकाडं. बहुतेक आया ठणठणीत असतात. पण नशिबानं चांगला एक्स बऱ्याच पेशींत बंद झाला आणि चमकणाऱ्या पेशी १०-२० टक्क्यांच्या खाली गेल्या तर बाईलाही सीजीडीसारखीच इन्फेक्शन होऊ शकतात. आणि टक्केवारी चांगली असली तरी काही कॅरियर, म्हणजे एक बिघडलेली प्रत असलेल्या, बायकांना उन्हानं अंगावर चट्टे उठणं, तोंडात छाले, सांधेदुखी असा त्रास राहतो, जो कोणी पोराच्या आजाराशी जोडून पाहत नाही. सुनेला आधीच "पोराला तुझ्यामुळे झालं" हे ऐकावं लागते, वर तिचा स्वतःचा त्रास कोणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर कधी कधी हा बदल तिच्या आईकडूनही आलेला नसतो, नव्यानंच झालेला असतो.

सगळेच सीजीडी सीवायबीबीमुळे नसतात. युरोप-अमेरिकेत साधारण दोन तृतीयांश पेशंट या एक्सवाल्या प्रकाराचे, उरलेल्यांत दुसरे तुकडे बिघडलेले, त्यातही जास्त करून पी-४७ चा जीन एनसीएफ-१, जो ७ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे. तिथे आई-बाप दोघांकडून खराब प्रत लागते, सिकलसेलसारखंच, म्हणून नात्यात लग्नं होतात त्या समाजांत हा प्रकार जास्त दिसतो, आणि मुलींनाही होतो. एनसीएफ-१ च्या दोन्ही बाजूंना त्याच्यासारखेच दिसणारे दोन बंद पडलेले नकली जीन आहेत, त्यामुळे सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनए वाचण्याच्या टेस्टचा, रिपोर्ट वाचताना चांगले चांगले गडबडतात.

सीवायबीबी सापडला कसा ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आधी प्रोटीन शोधायचं आणि मग त्यावरून जीन, असा तेव्हाचा नियम होता. पण अमेरिकेत एक मुलगा होता ज्याला सीजीडी होता, ड्युशेन म्हणजे स्नायू वाळत जाण्याचा आजार होता, डोळ्यांचा पडद्याचा आजार होता आणि रक्तगटातही एक विचित्र दोष होता, चारही एकत्र. कारण त्याच्या एक्स क्रोमोसोमचा एक तुकडाच गायब होता. म्हणजे हे चारही जीन शेजारी शेजारी असणार! त्या गायब तुकड्याच्या नकाशावरून शोध घेत १९८६ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटानं सीवायबीबी हाती लावला, प्रोटीन काय आहे हे माहीत नसताना, नुसत्या पत्त्यावरून. असा सापडलेला हा पहिला जीन मानतात. पुढच्याच वर्षी कळलं की त्यावरून बनणारं प्रोटीन म्हणजे आवरणातल्या त्या मोठ्या-छोट्या जोडीचा, जिला सायटोक्रोम म्हणतात, मोठा तुकडा आहे जिच्यावर सेगल यांचं काम १९७८ पासून सुरू होतं.

त्या रक्तगटाच्या दोषाचं आजही ब्लड बँकेत काम पडते. सीवायबीबीच्या शेजारचा एक्सके नावाचा जीनही ज्या पोरांमध्ये गायब असतो त्यांना साधं मॅच झालेलं रक्त चढवलं तर त्यांच्या शरीरात अशा अँटिबॉडी तयार होऊ शकतात की पुढे जवळपास कोणाचंच रक्त चालत नाही. म्हणून सीजीडीच्या मुलाला रक्त चढवण्याआधी ही एक गोष्ट तपासून घ्यावी लागते.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे, बीसीजी आणि टीबी. बीसीजी ही जिवंत लस, जन्मल्या जन्मल्या डाव्या दंडावर देतात. सीजीडीच्या बाळाला ती त्रास देऊ शकते, काखेत गाठ येते, फुटते, वाहत राहते. आता घाबरून जाऊ नका, बीसीजीनंतर काखेत छोटी गाठ चांगल्या धडधाकट बाळांनाही येते आणि आपोआप जाते, आणि यावरून कोणी लस टाळायचं म्हणत असेल तर ते अजिबात ऐकू नका. पण गाठ फुटून महिनोन् महिने वाहते, सोबत लिव्हरमध्ये किंवा फुफ्फुसात पू झाला, आधीचा भाऊ किंवा मामा लहानपणीच अशाच कशानं तरी गेला, तर डीएचआर टेस्ट सांगावी लागते. मामाची चौकशी मुद्दाम करायची, कारण एक्सवाला आजार आईच्या माहेराकडून येतो.

दुसरं म्हणजे ग्रॅन्युलोमा. मारता न आलेला जंतू शरीर पेशींच्या थरांनी गुंडाळून टाकते, बायोप्सीत ते टीबीसारखं दिसते, आणि आपल्या देशात ग्रॅन्युलोमा दिसला की हात आधी एकेटीकडेच जातो, म्हणजे टीबीच्या गोळ्यांकडे. कधी कधी तो खरंच टीबी असतो, सीजीडीच्या पोरांना टीबी जास्तच होतो. पण कोर्स झाला, परत गाठ, परत कोर्स, असं चालू असेल तर कुठेतरी थांबून विचार करायला पाहिजे की पोरगं परत परत आजारी पडून काऊन राहिलं.

यांना छळणारे जंतू ठरावीक आहेत. स्टॅफिलोकोकस, ज्यानं लिव्हरमध्ये घट्ट गळू होते. बर्खोल्डेरिया आणि नोकार्डिया, जे माती-पाण्यात असतात. सेराशिया, बाथरूमच्या फरशीच्या सांध्यात गुलाबी चिकट रेघ दिसते ना, बऱ्याचदा तोच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अ‍ॅस्परजिलस बुरशी. कुजका पालापाचोळा उकरल्यावर हवेत उडालेले तिचे बीजाणू एकदम छातीत गेले तर सीजीडीच्या माणसाला काही दिवसांत गंभीर न्यूमोनिया होतो. परदेशातली पुस्तकं बागेतल्या पालापाचोळ्याबद्दल लिहितात, पण नागपूरच्या घरात मला दिसते ते वेगळं. मार्चमध्ये कूलर खाली काढतात, गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत झटकत झटकत ओढतात आणि पोरं तिथेच बाजूला उभी राहून पाहत असतात. गावाकडे कुटाराचा ढीग, शेणखताचा उकिरडा, आणि शहरात जुनं घर पाडून राहिले त्याची धूळ. बाकी पोरांना काही होत नाही. या पोराला मात्र अशा वेळी तिथून लांबच ठेवायचं.

आता गंमत बघा. फ्री रॅडिकल जर नुसते सूज आणि जळजळ वाढवणारे असते, तर ज्यांच्यात ते बनतच नाहीत त्यांना सूज कमी यायला पाहिजे होती. होते उलटं. सीजीडीमध्ये जंतू सापडत नसतानाही आतड्यांना सूज येते, जुलाब आणि रक्त पडते, जठराचं तोंड अडते, लघवीची वाट अडते. म्हणजे हे सुपरऑक्साइड लढाई संपल्यावर सूज आवरायलाही लागते. बोर्डावरची ओळ इथे पूर्णच आडवी होते. नॉक्स-२ सोडून याचे भाऊबंदही आहेत, नॉक्स-१ आतड्यात, नॉक्स-४ किडनीत, नॉक्स-५ जो उंदरांमध्ये नसतोच आणि म्हणून त्याचा अभ्यास रखडला, आणि ड्युओक्स-२ जो थायरॉइडमध्ये पेरॉक्साइड बनवतो. मिठातलं आयोडीन थायरॉइडच्या हार्मोनमध्ये बसवायला ते पेरॉक्साइड लागते, ते नसलं तर बाळ थायरॉइड कमी घेऊनच जन्माला येऊ शकते. झाडांमध्येही याच घराण्यातले एन्झाइम असतात, आपल्या संत्र्याच्या झाडातसुद्धा.

अर्थात जास्त झालं की नुकसान आहेच, रक्तवाहिन्या, किडनी, लिव्हर यांच्या बऱ्याच आजारांत या घराण्यावर संशय आहे आणि ते थोपवणारी औषधं शोधणं चालू आहे. त्यातला एक जुना रेणू अ‍ॅपोसायनिन, जो आपल्या कुटकीच्या मुळातही असतो. तो पांढऱ्या पेशींमध्ये या एन्झाइमची जुळवाजुळव अडवतो, पण त्यासाठी आधी मायलोपेरॉक्सिडेजनं त्याला बदलावं लागते, म्हणून दुसऱ्या पेशींत तो तसा चालत नाही. म्हणजे कुटकी घेतली आणि फ्री रॅडिकल गेले इतकं सरळ नाही. आणि सरसकट अँटिऑक्सिडंट गोळ्यांचं म्हणाल तर फिनलंडमध्ये २९,००० पेक्षा जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खा, गोळीचं डॉक्टरांना विचारा.

उपचार काय, तर सगळ्यात मोठा फरक पाडला तो स्वस्त गोळीनं. को-ट्रायमॉक्साझोल रोज, आणि बुरशीसाठी इट्राकोनाझोल रोज, ताप नसताना, बरं वाटत असतानाही. इथेच घरचे चुकतात, पोरगं छान खेळून राहिलं मग गोळ्या कशाला, म्हणून बंद. इंटरफेरॉन गामाची इंजेक्शनंही आहेत पण ती सगळ्यांच्या आवाक्यात नाहीत. बीसीजी सोडून बाकी गोवर-पोलिओ वगैरे लसी या पोरांना चालतात, उलट द्यायलाच पाहिजेत. कायमचा इलाज म्हणजे बोनमॅरो ट्रान्सप्लांट, भावंडाचा किंवा दुसरा डोनर जुळला तर, आणि जितक्या लवकर, अवयव खराब व्हायच्या आधी, तितका बरा. सगळ्याच्या सगळ्या पेशी बदलाव्या लागतात असंही नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटच्या अभ्यासात दिसलं की थोडंसं का होईना सुपरऑक्साइड बनवणारी पोरं जास्त जगली. त्याच हिशोबानं जीन थेरपीकडेही आशेनं पाहून राहिले, २०२० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ९ पेशंटच्या स्वतःच्या पेशींमध्ये चांगला सीवायबीबी घातला, दोघं आधीच्या गुंतागुंतीमुळे लवकर दगावले, पण ६ जणांमध्ये वर्षभरानंतरही १६ ते ४६ टक्के न्यूट्रोफिल काम करत होते.

नागपुरात संशय आला तर इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून सुरुवात करा. सँपल बाहेरगावी पाठवायची वेळ आली तर ते ताजंच पोचायला पाहिजे, न्यूट्रोफिल वाट पाहत बसत नाहीत, आणि सोबत त्याच वेळी काढलेलं एखाद्या निरोगी माणसाचं रक्तही पाठवायचं, म्हणजे पेशी प्रवासात मेल्या की आधीपासूनच काम करत नव्हत्या हे कळते. मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था, एनआयआयएच, अशा आजारांचं काम करते. डीएचआरमध्ये पोराच्या पेशी चमकल्या नाहीत म्हणजे आईची टेस्ट करायचीच, ती कॅरियर निघाली तर तिच्या बहिणींची आणि पोराच्या बहिणींचीही, कारण पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते पण त्यासाठी घरात नेमका कोणता बदल आहे हे आधी हातात पाहिजे. ट्रान्सप्लांटच्या खर्चासाठी केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात सीजीडी पहिल्या गटात आहे, एकदाच्या उपचारानं बरे होऊ शकणाऱ्यांमध्ये, आणि ठरवून दिलेल्या सेंटरमध्ये नोंदणी केली तर ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. केईएम त्यातलं एक सेंटर आहे.